एक शीट बाकी

यवतमाळ ते दारव्हा जीप चालवणारा हा माणूस गाडी भरल्याशिवाय हलत नाही. शाळेला उशीर होतो म्हणून मी रोज त्याच्याशी भांडते. "दोन शिटा येऊ द्या, मॅडम," एवढंच त्याचं उत्तर.

एका रविवारी आमच्या खेळात एक गडी कमी पडला, म्हणून मी त्यालाच बोलावलं. गोष्ट मी सांगते, तुम्ही त्यातली पात्रं व्हायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवतो, असं समजावलं. तो गाडीवान झाला.

गोष्टीतल्या गुहेत राक्षसाने गावकरी कोंडले होते. खेळणाऱ्या माझ्या दोन्ही मैत्रिणी तलवार घेऊन धावल्या आणि जखमी होऊन पडल्या. आता हा हरला की खेळ संपला.

"मॅडम, या राक्षसाले जायचं कुठं हाय? इथं एकटा काहून बसून राह्यला?"

हे मी ठरवलंच नव्हतं. "बहिणीकडे. नेरला," मी म्हटलं.

"मंग चाल ना भाऊ. समोर बस."

त्याने टाकलेल्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, म्हणजे पुरतं जमलं. राक्षस निमूट पुढे बसला, मागे जखमी मैत्रिणी आणि सगळे गावकरी.

"आता हाका गाडी," मी म्हटलं.

"थांबा, मॅडम. एक शीट येऊ द्या."