टोमॅटोच्या पापडांची राखण

आमच्या हिच्या मावशीसमोर सडून दाखवण्याची हिंमत या पृथ्वीतलावरच्या एकाही भाजीत नाही. कल्याणच्या मार्केटात दुपारी उरलासुरला माल फेकायची वेळ झाली की मावशी पिशव्या घेऊन अवतरते आणि जून गवार, मऊ पडलेले पेरू, वाकडी कारली असा सगळा अनाथाश्रम डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणते. आठवड्याने गवारीच्या तळायच्या शेंगा होतात, पेरूच्या वड्या होतात, कारल्याच्या काचऱ्या होतात. माझ्या सासऱ्यांच्या साठीला कुणीतरी फळांची परडी आणली, तर फोटोच्या आधीच मावशीने त्यातली पपई दाबून पाहिली. जेवणं आटपेपर्यंत तिचा जॅम झाला होता! मी एकदा काळी पडलेली केळी टाकताना सापडलो, तेव्हा म्हणाली, "अहो जावईबापू, काळी पडली म्हणून टाकता? तुमचे केस पांढरे झाले, आम्ही टाकलं का तुम्हाला?"

गेल्या मार्चमध्ये मात्र तिची खरी कसोटी लागली. तिचा धाकटा भाऊ मुरबाडकडे शेती करतो. टोमॅटो इतका आला की व्यापारी क्रेटकडे बघेनात. भावाने टेम्पोभर टोमॅटो बहिणीच्या दारात उतरवले आणि सांगितलं, "ताई, हे पण उकिरड्यावर गेले, तर पुढच्या साली मी टोमॅटो लावणार नाही. मन उडालंय माझं." मावशीने पदर खोचला. "एक फुकट गेला तर नाव बदलेन. टेंभी नाक्यावरचा दुकानवाला कधीपासून पापड मागतोय." टोमॅटो शिजले, गाळले, आटले, त्या रसात पोह्याचं पीठ भिजलं. ते कुटायला मला बसवलं. अख्खी बिल्डिंग पापड लाटत होती. आणि सगळे लाटून झाल्यावर कळलं, की वॉटरप्रूफिंगसाठी सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप घातलंय.

दुसरी कुणी रडली असती. मावशीने घरोघरी ताटं वाटली. "तुमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ऊन येतं ना? ठेवा. कावळे बघा. आणि राखण करणाऱ्याने एक ओला पापड तेल लावून खायचा हं, आमच्या माहेरचा रिवाज आहे." हा रिवाज मुरबाडला ठीक होता. तिथे राखणीला एक म्हातारी असायची. इथे प्रत्येक ग्रिलमागे अख्खं कुटुंब राखणीला बसलं!

संध्याकाळी मावशीबरोबर मी ताटं गोळा करायला गेलो. पहिल्या दारात ताट स्वच्छ.

"काकी, आम्ही फक्त मीठ बघितलं हो," शेजारीण म्हणाली.

"सगळ्यांत?"

"सासूबाईंना एकात कळेना."

खालच्या मजल्यावर तिखट बघून झालं होतं. सेक्रेटरींच्या मिशीला अजून तेल होतं. "मावशी, उद्या गच्ची उघडून देतो," ते खाली मान घालून म्हणाले. पण उद्या तिथे वाळवायचं काय?

तेवढ्यात भावाचा फोन आला. मावशीने माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला.

"एक पण फुकट गेला नाही रे."

"आणि दुकानवाला? त्याला आवडले?"

"त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. लोकांनी वाळूसुद्धा दिले नाहीत, मेल्यांनी ओलेच संपवले."

पलीकडे तो हसला. मलासुद्धा ऐकू आलं. "मग लावू म्हणतेस?"

"लाव. दोन वाफे जास्तच लाव."

फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्या ग्रिलमधलं ताट ओढलं. तिथेही मीठ पाहून झालं होतं. एकच पापड उरला होता. मी हात पुढे केला, तर तिने तो हळूच बाजूला सारला. "हा माझ्या भावासाठी. त्याने चाखला कुठे अजून?" आणि इंच इंच सरकणाऱ्या उन्हाच्या तुकड्यामागे ताट सरकवत, एकाही कावळ्याचा पत्ता नसताना, ती त्या एका पापडाची राखण करत बसली.