यादीत नसलेला बाळकृष्ण

चिन्मय, सई, तुमचे आजोबा गेल्यावर देवपूजा माझ्याकडे आली. त्याआधी चाळीस-पंचेचाळीस वर्षे ती त्यांच्याकडे होती आणि मी फुले, गंध, नैवेद्य वेळेवर पुढे ठेवत असे. मग मीच पूजा करू लागले. सव्वासातला स्नान, साडेसातला दूधसाखर, सगळे घड्याळाप्रमाणे. एवढे करूनही मनात एक प्रश्न सारखा टोचत असे. मी भाविक आहे, की नुसतीच शिस्तीची आहे? शाळेचे वेळापत्रक सांभाळावे तशी मी देव सांभाळत होते. हे मी कुणाला बोलून दाखवले नाही. तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे.

आपल्या देवघरातला बाळकृष्ण माझ्या आईने मला लग्नात दिलेला. अंगठ्याएवढा, पितळेचा, एका हातात लोणी घेऊन रांगणारा. मागे घरी पूजा करायला कुणी नसले की तो आमच्याबरोबर प्रवासाला येई. आजोबा त्याची पितळी डबी शर्टाच्या खिशात ठेवत. मी प्रवासाच्या वहीत सामानाची यादी करी आणि एकदा त्यात 'देव' असे लिहिले, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "अगं, तो सामान आहे का?" मी ती ओळ खोडली. पुन्हा कधी लिहिली नाही.

गेल्या हिवाळ्यात मालती, शरयू आणि मी हैदराबादला गेलो. तिघी एकाच शाळेतल्या शिक्षिका, तिघी सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. अंबरपेठेत शरयूच्या भाचीचा रिकामा फ्लॅट होता, तिथे उतरलो. आपली आपण चालवायची अशी गाडी भाड्याने घ्यायची, हे मी पुण्यातच ठरवले होते. तुमच्या बाबांनी फोनवर तीनदा सांगितले, "आई, ड्रायव्हर घे." मी तीनदा नाही म्हटले. आजोबा गेल्यापासून सगळे मला हात धरून रस्ता ओलांडायला लावत होते. मला परक्या शहरात स्वतः गाडी चालवून दाखवायची होती, इतरांना आणि खरे तर स्वतःला.

पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबिड्सच्या गर्दीत गाडीचा क्लच दबेना. कंपनीने तासाभरात दुसरी गाडी पाठवली आणि ती आणणाऱ्या माणसाने बिघडलेली गाडी क्रेनने ओढून गॅरेजला नेली. सामान हलवताना मी वही उघडली. मी वाचत गेले, मालती खुणा करत गेली. छत्र्या, औषधांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, शरयूची उशी. चौदापैकी चौदा. "मुख्याध्यापिका बाई, झाली का हजेरी?" मालती म्हणाली. मला माझाच अभिमान वाटला.

दुपारी गोवळकोंड्याला गेलो. तिथे एक जुनी कोठडी आहे. तीत एका रामभक्ताला कित्येक वर्षे कोंडले होते म्हणतात. पूजेला देव नव्हते, म्हणून त्याने भिंतीच्या दगडातच देव कोरले. आम्ही त्या आकृतींसमोर उभ्या होतो. गुडघा चोळत मालती म्हणाली, "एवढ्या पायऱ्या चढून आलोय, तुझ्या बाळकृष्णालाही दाखव की हे."

"तो गाडीत आहे," मी म्हटले. "पायाखाली येऊ नये म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय."

बोलता बोलता माझा हात पर्सवरच थांबला. तो कप्पा सकाळच्या गाडीचा होता.

शरयू हळूच म्हणाली, "पण यादी तर पुरी झाली होती ना?" पुरी झाली होती, हेच तर खरे दुःख होते. ज्यांच्या खिशात तो असे ते गेले होते आणि माझ्या वहीत त्याला जागा नव्हती. त्या कैद्याने देव नसताना दगडातून देव काढला होता, आणि मी असलेला देव पाण्याच्या बाटल्या मोजताना मागे सोडून आले होते.

कंपनीच्या फोनवरची मुलगी सौम्यपणे बोलली, पण तिच्याकडे तशी काही नोंद नव्हती. गॅरेजचा फोन कुणी उचलत नाही, उद्या चौकशी करून कळवते, म्हणाली. उद्या दुपारी नामपल्ली स्टेशनवरून आमची परतीची रेल्वेगाडी होती. मी तिच्याकडून गॅरेजचा पत्ता घेतला आणि मैत्रिणींना सांगितले, "तुम्ही उद्या वेळेवर स्टेशनवर जा. मी त्याला घेतल्याशिवाय हैदराबाद सोडणार नाही."

"वा गं! म्हणजे रस्ताभर तुझा डबा मी एकटीने खायचा?" मालती म्हणाली. "आम्हीही येणार."

सकाळी सव्वासात वाजले आणि माझ्या हाताला काम नव्हते. वाटीत दूधसाखर घेतली होती, ती तशीच ओट्यावर राहिली. देव काल सकाळपासून उपाशी आहे, अंधारात आहे, एवढेच मनात येत होते. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईने पितळेच्या मूर्तीसाठी ओट्याशी उभे राहून रडावे, याची लाज वाटली. तरी रडले. मग तोंड धुऊन गाडीची किल्ली घेतली.

मोबाइलच्या नकाशाने आम्हाला मूसी नदीच्या बाजूच्या एका बोळात नेले. पुढे भाजीच्या हातगाड्या, मागे एक टेम्पो, दोन्ही बाजूंना वीतभर जागा. नकाशा सांगत होता, सरळ जा. सरळ एक भिंत होती. मी हॉर्न वाजवत राहिले. शरयू मागे रामरक्षा म्हणू लागली होती. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर जाळीची टोपी घातलेले एक गृहस्थ काचेशी वाकले.

"अम्मा, हॉर्न नक्को मारो, दीवार हटती नईं," ते म्हणाले. "किधर जाना आपकू?"

मी गॅरेजचे नाव आणि तिथे आमचा देव राहिल्याचे सांगितले. त्यांनी टेम्पोवाल्याला ओरडून मागे घ्यायला लावले, हातगाड्या स्वतः ढकलून सरकवल्या आणि म्हणाले, "मैं आगे चलतूं. आप मेरे हाथ कू देखते आओ. फोन कू नक्को देखो."

ते पुढे चालू लागले, उजवा हात वर धरून. हात डावीकडे झुकला की मी डावीकडे वळायची, तळवा मागे आला की थांबायची. मुलांनो, मी आयुष्यात कुणाच्या मागे अशी गेले नव्हते. रस्ता मला ठाऊक नव्हता, घड्याळाकडे बघता येत नव्हते, वही मागच्या सीटवर होती. गाडी मीच चालवत होते आणि तरी ती मी चालवत नव्हते. दोन-तीन वळणांनंतर लक्षात आले की हॉर्नवरचा माझा हात केव्हाच निघाला आहे. "हे देवा, तू जिथे आहेस तिथे नीट राहा, मी येते आहे," असे म्हणण्याऐवजी माझ्या मनात आपोआप आले, "तू नेशील तिकडे येते."

गॅरेजमध्ये आमची कालची गाडी उभी होती. कप्पा उघडला. रिकामा. गॅरेजचे मालक म्हणाले, गाडी काल संध्याकाळी आतून झाडली, झाडणाऱ्या बाईंना विचारा. त्यांनी "यादम्मा!" अशी हाक मारली. साडीचा पदर कमरेला खोचलेली, माझ्याच वयाची एक बाई ओले हात पुसत आली. मी हाताने डबीचा आकार दाखवला, तशी ती माझ्याकडे चिडूनच बघू लागली.

"तुम्हारा है? बंद डब्बे में कैसा रखे अम्मा? छोटा बच्चा है ना, दम घुटता!"

तिने मला मागे नेले. पाण्याच्या पिंपाच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात, एका धुतलेल्या रुमालावर माझा बाळकृष्ण रांगत होता. पुढे स्टीलच्या पेल्यात पाणी आणि गुळाचा खडा, शेजारी उघडी डबी. गुळाला दोन मुंग्या लागल्या होत्या.

"नहलाई नईं," ती जरा संकोचून म्हणाली. "तुम लोगां कैसा नहलाते मालूम नईं. कल शाम कू गुड़ रखी, आज सुबह फिर रखी. भूका कैसा रहता?"

ज्याच्या उपासाने मी सकाळी रडले होते, तो दोनदा जेवला होता. मी तिचे ओले हात हातात घेतले. मी त्याला उचलल्यावर यादम्माने त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवले आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मला शब्द कळले नाहीत. पण तुम्ही विमानतळावर आत निघता तेव्हा मी जे पुटपुटते, तसेच ते होते.

बाहेर ते गृहस्थ स्टुलावर बसून चहा पीत होते. "मिल गए?" त्यांनी विचारले. मी ओंजळ उघडून दाखवली. त्यांनी मान तुकवली. मी आभार मानू लागले तर म्हणाले, "मैं तो उस गली से जाताइच नईं, अम्मा. मेरा रस्ता खोद डाले, इसलिए आया." मग उठता उठता म्हणाले, "गाड़ी अच्छी चलाते आप. हॉर्न कम मारो."

त्यांचा रस्ता खोदलेला असणे आणि आम्ही त्याच बोळात अडकणे, याला काय म्हणावे ते तुम्ही ठरवा. मी वाद घालत नाही. मी एवढेच जाणते की मी ज्याला सांभाळते असे समजत होते, त्याला माझ्या घड्याळाची आणि वहीची गरज नव्हती. त्याला सांभाळणारे हात जागोजागी आहेत, आणि मलाही तेच सांभाळतात. दुपारची गाडी आम्हाला मिळाली. खिडकीशी बसून मी त्याला ओंजळीतच धरले होते. त्या दिवशीची पूजा तेवढीच झाली, आणि आजवरच्या पूजांत तीच खरी होती असे मला वाटते. त्या दोघांची आठवण आता रोज नैवेद्याच्या वेळी येते. सव्वासाताचे कधी आठ होतात. नैवेद्याला गूळही चालतो.

पुण्याला आल्यावर मी डबी घेऊन तांबट आळीत गेले आणि झाकणाला तीन बारीक भोके पाडून घेतली. तांबटाने विचारले, "आजी, चांगली डबी आहे, भोके कशाला?"

मी म्हटले, "दम घुटतो."