मधल्या नावाची जागा रिकामी

गेल्या मंगळवारी लॅपटॉप घेऊन मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर गेले होते. तिथे शेतकऱ्यांची नोंदणी होते, नंबर लागतो आणि रोज सकाळी त्या दिवशीच्या नावांची यादी फळ्यावर लागते... ती यादी काढणारा प्रोग्राम मी लिहिलेला आहे.

आठवडाभर तिथले ऑपरेटर मुश्ताकभाई फोन करत होते. काही लोकांची नोंद आहे, पावती आहे, पण यादीत नाव येत नाही म्हणून. मी यवतमाळला ऑफिसात बसून प्रोग्राम चार वेळा चालवला, कुठेच अडला नाही. एंट्रीच चुकली असेल, असं त्यांना दोनदा सांगितलं... जरा तोऱ्यातच.

मुश्ताकभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. ते वाद घालत नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा येऊन पाहा. नोंद मी सोताच्या हातानं केली हाये."

गेले, तर त्यांच्या टेबलाजवळ शेवंताबाई बसलेल्या. पन्नाशीच्या, मारेगावपासून तासाभराच्या गावातल्या. नंबर लागला का ते बघायला तिसऱ्यांदा आल्या होत्या. यंदा बोंडअळीने निम्मं पीक नेलं. उरलेला कापूस वेचून घरातच भरून ठेवलेला, आणि त्याने घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज. केंद्रावर नंबर लागला नाही, तर गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागणार होता.

मी केंद्रावरचा खरा डेटा लॅपटॉपवर घेतला आणि प्रोग्राम डिबगरमधून चालवला. डिबगर म्हणजे प्रोग्राम चालताना आत काय होतंय ते दाखवणारं साधन... चूक झाली की तो त्या ओळीवर थांबतो. थांबला नाही. यादी आली, शेवंताबाईंचं नाव नाही.

मग त्यांची एंट्री उघडली. पहिलं नाव होतं, आडनाव होतं, मधली जागा रिकामी. मी मुश्ताकभाईंना म्हटलं, बघा, नवऱ्याचं नाव भरलेलंच नाही... माझ्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता, हे मला ऐकू आलं.

शेवंताबाई म्हणाल्या, "वावर माह्या मायनं माह्या नावावर केलं. नवरा सोडून मले वीस वर्षं झाले. त्याचं नाव कायले पायजे?"

मुश्ताकभाईंनी हळूच सांगितलं की त्यांनी विचारलं होतं, आणि बाईंनी द्यायचं नाही म्हटल्यावर जागा मोकळी सोडली. फॉर्मने ती तशी स्वीकारलीही होती.

मी परत स्क्रीनकडे वळले. मधलं नाव नसेल तर प्रोग्रामला अडचण यायला हवी, कारण यादीत मी त्याचं फक्त पहिलं अक्षर छापते. रिकाम्या जागेतून पहिलं अक्षर काढायचं कुठून? म्हणजे चूक होत असणार... मग डिबगर थांबत का नाही?

सेटिंग्ज उघडल्या. खरं सांगते, इतकी वर्षं काम करतेय, पण तो भाग कधी नीट वाचला नव्हता. इन्स्टॉल केल्यावर जसं होतं तसंच वापरत आले. तिथे कळलं, प्रोग्रामनेच एखादी चूक आतल्या आत पकडून सांभाळून घेतली असेल, तर डिबगर तिथे थांबत नाही. थांबायला हवं असेल तर एक खूण करावी लागते. ती केली आणि पुन्हा चालवलं.

या वेळी थांबला. जिथे थांबला ती ओळ पिवळी झाली... आणि ती ओळ माझीच. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना डेमो द्यायचा होता तेव्हा मध्येच चूक दाखवणारी लाल चौकट येऊ नये म्हणून मी लिहून ठेवलं होतं, की एखाद्या नावाला चूक आली तर काही न बोलता पुढच्या नावावर जा. नंतर नीट करू म्हटलं आणि विसरले.

प्रोग्राम पुढे जात होता. मधली जागा रिकामी असलेली अकरा नावं सोडून. दहा बायका, आणि एक म्हातारे गृहस्थ.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. केंद्रावरचे साहेब म्हणाले, आता या अकरा जणांना शेवटी घ्या, उगाच गोंधळ नको. मुश्ताकभाईंनी पावत्यांची वही समोर ठेवली. त्या अकरा जणांचे नंबर आधीचे होते. मी तिथेच कागदावर लिहून दिलं, की चूक प्रोग्रामची आहे, प्रोग्राम माझा आहे, आणि यांचे नंबर आधी लागावेत. खाली सही केली.

गुरुवारी शेवंताबाईंचा कापूस केंद्रावर विकला गेला. मुश्ताकभाईंचा फोन आला तेव्हा बरं वाटलं.

बाकीच्या दहा जणांना मी स्वतः फोन केले. नऊ जणांचं जमलं. दहाव्या एक ताई होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी त व्यापाऱ्याले देऊन टाकला बाई, मागच्या हप्त्यात. मले वाटलं, आपलंच काही चुकलं असन."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाले फोन केला, हेच लय झालं."

चूक माझी होती आणि आठवडाभर त्या स्वतःलाच दोष देत होत्या... यादीत नाव नाही म्हणून स्वतःचंच चुकलं असेल असं मानून घरी परतणारी माणसं किती असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

शेवंताबाईंनी तसं मानलं नाही. त्यांचे आभार.