आईच्या परीक्षेत धरलेली जागा

मी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी साक्षर झालो. दोन्हींपैकी दुसरीच गोष्ट कशेळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

खरं तर साक्षर व्हायचं होतं माझ्या आईला. ती एकदा कर्जतला म्हणून निघाली आणि मुरबाडला पोचली. आमच्या नाक्यावर दोन्हीकडच्या जीप शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि सीट भरायची घाई असली की ड्रायव्हर "बसा, बसा" एवढंच सांगतो. तेव्हापासून जीपची पाटी आपली आपण वाचायची, असा आईने निश्चय केला. शिकवायला बाई घरचीच मिळाली, माझी सातवीतली मुलगी तन्वी. (माझंही नाव पुढे आलं होतं. "त्याला एक अक्षर इचारलं तर तो भाषण देतो," म्हणून आईने ते फेटाळलं.)

आणि नेमकी आईची सरकारी साक्षरतेची परीक्षा आणि तन्वीची स्पर्धा परीक्षा एकाच रविवारी आली! आईची गावच्या शाळेत अकराला, तन्वीची कर्जतला अकराला. (तन्वीची परीक्षा खासगी. बसणाऱ्या प्रत्येकाला पदक, आणि न बसणाऱ्यांचं काय करायचं यावरही आयोजक विचार करत असावेत.)

"मी तन्वीला कर्जतला नेतो. तू चालत शाळेत जा," मी म्हणालो.

"आन् माझी बाई?" आईने विचारलं.

"बाई कर्जतला."

"बाई दारात उभी नसंल तर मी नाय बसणार. मुरबाडला गेले तरी चालंल!"

"आजी घाबरली," तन्वी म्हणाली.

"कोन घाबरतंय गं? हात कापतो, तेवढंच."

बायकोची साजगावच्या कारखान्यात रविवारची पाळी होती. निघताना ती मला म्हणाली, "तुम्ही फक्त डोकं चालवू नका."

मी चालवलं.

तन्वीचा पेपर तासाभराचा. आईने तिच्याबरोबर जीपने कर्जतला जावं, पेपर सुटला की दोघींनी परत यावं, आणि तोवर मी शाळेत आईची जागा धरून ठेवावी! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून मी आजवर असंख्य जागा धरल्या आहेत. परीक्षेचा बाक तो काय!

दोघी गेल्या. मी शाळेत जाऊन पहिल्या बाकावर रुमाल टाकला आणि शेजारी उभा राहिलो. पेपर वाटणाऱ्या बाई दुसऱ्या गावच्या शाळेतून आल्या होत्या. त्या मला ओळखत नव्हत्या.

"काका, रुमाल उचला आणि बसा."

"ही जागा माझ्या आईची आहे. मी फक्त..."

"लाजू नका. पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं," म्हणत त्यांनी माझ्यापुढे पेपर ठेवला.

"आपला गैरसमज होतोय. माझं पदव्युत्तर शिक्षण झालेलं आहे."

"बोलता किती छान येतं तुम्हाला! आता तसंच लिहूया हं."

"अहो, मी एम.ए. आहे!"

"तेही होईल," बाई मायेने म्हणाल्या.

उठावं तर जागा जाणार. मी बसलो. शेजारच्या बाकावर वाडीवरच्या ठकूबाई होत्या. त्यांनी आपल्या पेपरावर पदर ओढला आणि दटावलं, "माज्यातलं बगू नको रं!"

असा दीडेक तास गेला आणि दार उघडलं. तालुक्याहून एक साहेब आले, त्यांच्यामागे फोटोग्राफर, त्याच्यामागे गुलाबाच्या फुलांचं ताट. वर्गातल्या साऱ्या माना पेपरात बुडालेल्या. रिकामा असा मी एकटाच.

"काका, हे वाचून दाखवता?"

मी वाचलं, "सरला, सायकल हळू चालव." स्वल्पविरामासकट.

साहेब फोटोग्राफरकडे वळले. "बघा! याला म्हणतात क्रांती!"

टाळ्या पडल्या. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. "त्यांना बोलवत नाहीये," असं म्हणून साहेबांनी माझ्या हातात फूल दिलं. फोटो निघाला. त्या फोटोत माझं तोंड उघडंच आहे.

साहेब पुढच्या शाळेकडे गेले आणि दारात आई आणि तन्वी उभ्या.

"अरं, तू कशाला लिवायला बसलास?"

"तुझी जागा धरली!"

बाईंनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे खरंच आई आहे? मग जागा कशाला धरायची? पाचपर्यंत सोयीने कधीही या, असा मेसेज केला होता ना सगळ्यांना."

तन्वीने माझा मोबाईल काढून पाहिला. मेसेज होता. त्याखाली मी पाठवलेला अंगठाही होता. (न वाचता अंगठा उठवणाऱ्या माणसाला आपल्याकडे काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.) वर मान करून पाहिलं, तर मागचे बाक सगळे रिकामे.

बाईंनी माझा पेपर फाडला. आईला माझ्या जागी बसवलं. "लाजू नका आजी, पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं." आईने खिडकीकडे पाहिलं. बाहेर तन्वी उभी होती. पहिली ओळ तेवढी वाकडी गेली. मग हात थांबला कापायचा.

घरी येईपर्यंत बायकोचा फोन. फोटो गावच्या ग्रुपवरून साजगावच्या कँटीनपर्यंत पोचला होता.

"लग्नात एम.ए. सांगितलं होतं तुमच्याकडच्यांनी!"

"अगं, डिग्री आहे ना कपाटात!"

"माझ्या बाबांचा फोन आला होता. त्यांना म्हणे तेव्हाच शंका आली होती."

आई पास झाली. आता ती नाक्यावर कुणाला काही विचारत नाही. काचेवरची पाटी मोठ्याने वाचते, "कर्जत!", आणि चढून खिडकी पकडते. मी मागोमाग चढायला जातो, तर ड्रायव्हर मध्ये हात घालतो. "भाऊ, तुमी पन वाचा बगू."

सगळी जीप माझ्याकडे बघत राहते. आतून आईचा आवाज येतो, "वाच रं, लाजू नको. पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं."

मी वाचतो. पास झालो की जीप सुटते.