आईने अडवलेला ओटीपी

सीईटीत मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच चांगले मार्क पडले. आता इंजिनिअरिंगची कोणती कॉलेजं हवीत, ते पसंतीच्या क्रमाने ऑनलाइन भरायचं होतं. सोनगीरहून आई आणि मी एसटीने धुळ्याला, देवपूरमधल्या एका नेट कॅफेत गेलो. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई अंगणवाडीत मदतनीस. तिला सोडून कसं जायचं, म्हणून मी धुळ्याची कॉलेजं वर टाकली आणि पुण्याचं सातव्या नंबरवर ठेवलं.

फॉर्म लॉक करायचा ओटीपी आईच्या मोबाइलवर आला. मी आकडे विचारले. तिने ते सांगितलेच नाहीत. कॅफेवाल्या भाऊंना म्हणाली, "यादी जरा वाचून दाखवा." त्यांनी वाचली.

"वर्षभर तर पुण्याचंच नाव घेत होतीस," आई माझ्याकडे वळली. मग एकदम घरच्या बोलीत म्हणाली, "खरं सांग, तुले कोठे जानं शे?"

"तू एकटी पडशील."

"मना इचार मी करसू. तू तुना सांग."

माझ्या तोंडून "पुणे" एवढंच निघालं. भाऊंनी क्रम बदलून दिला. तोवर ओटीपीची वेळ संपली होती. दुसरा मागवला, तो आईने एकेक आकडा सावकाश वाचून सांगितला.

पहिल्याच फेरीत पुणे मिळालं. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. मी इकडे आल्यावर आई स्कूटी शिकली. गेल्या महिन्यात ती एकटी धुळ्यापर्यंत जाऊन आली आणि वाटेत कोण कोण भेटलं, ते मला फोनवर तासभर सांगत बसली.