डाव्या बाजूने चालणाऱ्या मेधाताई

मेधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसईजवळच्या उमेळ्याच्या आमच्या वाडीत केळीचे घड बांधत होतो. पलीकडून श्रीकांतराव, त्यांचे यजमान, शांतपणे म्हणाले, "अंतोनभाऊ, सकाळी गेल्या हो... झोपेतच." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर हातातल्या सुतळीनं बांधलेलाच घड पुन्हा बांधला. महिना उलटून गेलाय आता त्याला. या महिन्यात अनेकांनी मला विचारलं, तुमची त्यांची ओळख केव्हाची, पहिल्यांदा कुठे भेटलात? उत्तर देताना मी अडखळतो. कारण मेधाताईंची आणि माझी पहिली भेट मला आठवतच नाही.

ती मला फिलोमीनानं, माझ्या बायकोनं सांगितली आहे. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं सरकलं होतं. ते बसवायला म्हणून मी चढलो आणि विहिरीच्या कठड्यापाशी डोक्यावर पडलो. मेंदूला मार बसला. ऑपरेशन झालं, कित्येक दिवस शुद्ध नव्हती. नंतर डोळे उघडले, बोलू लागलो, पण त्या काळातलं माझ्याजवळ काहीच शिल्लक नाही. फिलोमीना सांगते की, मेधाताई फिजिओथेरपिस्ट म्हणून मला तपासायला पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पलंगावर पडल्या पडल्या त्यांना ठणकावून म्हणालो होतो, "मी सकाळीच चर्चला चालत जाऊन आलो. तुम्हाला कुणी बोलावलं?" आणि पाय खाली टाकून उठायला गेलो. कोसळलोच असतो, पण त्यांनी खांदा पुढे केला. उंच, धिप्पाड बाई होत्या त्या. मला पुन्हा बसवून म्हणाल्या, "बरं, जाऊन आलात. मग उद्या मला घेऊन चला."

मला त्या आठवतात त्या पुढच्या काही आठवड्यांनंतरच्या. वसईतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं लहानसं फिजिओथेरपीचं केंद्र होतं. लिफ्ट होती, पण ती मुंगीच्या गतीनं वर जाई. मेंदूला मार लागलेल्या माणसाची गंमत अशी असते की पाय दुबळे झालेत हे त्याच्या पायांना कळतं, त्याला कळत नाही. मला तर ठाम वाटायचं की सगळे उगाच माझ्यामागे लागलेत. मेधाताई कधी वाद घालत नसत. खुर्चीतून उठायचं असो, वळायचं असो, पायरी चढायची असो, त्यांचं एकच वाक्य असे, "आधी तुम्ही सांगा, जमेल का?" मी म्हणे, जमेल. मग मी चालायचो, त्या बघायच्या. टाच आधी टेकते की चवडा, वळताना कुठला पाय अडखळतो, श्वास कुठे धरला जातो, सगळं. आणि शेवटी पुन्हा विचारायच्या, "आता सांगा, जमलं का?" त्या दोन उत्तरांमधलं अंतर कमी होणं म्हणजे माझं बरं होणं, हे मला फार उशिरा उमगलं.

एकदा त्यांनी मला चालता चालता वाडीतल्या केळींची नावं सांगायला लावली. वेलची म्हटलं आणि थांबलो. चार पावलं टाकली, राजेळी म्हटलं, पुन्हा थांबलो. बोललो की पाय थांबायचे, पाय हलले की शब्द हरवायचे. मी चिडलो. "चालायला शिकवताय की शाळेची परीक्षा घेताय?" त्या हसल्या. "भाऊ, इथे केंद्राच्या या बोळात तुम्ही छानच चालता. पण बाहेर पडलात की लोक हाक मारणार. उत्तर द्यायला तुम्ही रस्त्याच्या मध्ये उभे राहिलात तर?" त्यानंतर त्यांनी मला बाजारातच न्यायला सुरुवात केली. माझी डावी बाजू तेव्हा माझ्या हिशेबातच नसायची. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची, डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. मासळीबाजारात मी सरळ एका कोळणीच्या टोपलीत पाय घातला. "अवं दादा, डोले हायेत ना तुमाला? समदं पानी सांडलं माजं!" ती ओरडली. मी शरमलो. मेधाताईंनी तिच्याकडून बोंबील विकत घेतले आणि मला म्हणाल्या, "बघा, मी महिनाभर डावीकडे बघा म्हणते. आता या मावशी बोलल्यात, तुम्ही विसरणार नाही." खरंच विसरलो नाही. पण तेव्हापासून त्या बाहेर कायम माझ्या डाव्या हाताला चालायच्या. हात धरायच्या नाहीत, नुसत्या असायच्या.

आमच्या आईशी त्यांचं चांगलं जमलं. आई आमच्या इथल्या ख्रिस्ती लोकांच्या कुपारी बोलीत बोलायची, त्या इथल्याच वाडवळ समाजातल्या, त्यांच्या बोलीत उत्तर द्यायच्या, आणि दोघी एकमेकींचे शब्द ऐकून हसायच्या. मी पडल्यापासून आई रोज माझ्यासाठी हातात जपमाळ घेऊन रोझरी म्हणायची. मी काठीशिवाय चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला उभा राहिलेला तिला बघायचा होता. ते तिनं पाहिलं नाही. मी अजून काठीवर होतो तेव्हाच एका दुपारी ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं की आईच्या शवपेटीला खांदा मी देणार. थोरला मुलगा मी. फिलोमीना रडत म्हणाली, अहो, नको. धाकटा भाऊ पास्कू माझी काठी पुढे करू लागला. माझा आवाज चढला. शेवटी फिलोमीनानं मेधाताईंना फोन लावला. त्या आल्या, आधी आईच्या उशाशी जाऊन हात जोडले, मग मला म्हणाल्या, "चला, मागच्या अंगणात." तिथे आमचा लांब लाकडी बाक होता. त्यांनी पास्कूला हाक मारली, बाकाचं एक टोक त्याच्या खांद्यावर दिलं, एक माझ्या. "आधी तुम्ही सांगा," त्या नेहमीसारख्याच म्हणाल्या. मी म्हणालो, "जमेल." आम्ही चाललो. सरळ होतं तोवर ठीक. फणसापाशी वळायला गेलो आणि डावा पाय मागेच राहिला. बाक कलंडला, पास्कूनं कसाबसा सावरला. मेधाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "नाही जमणार, ताई."

"नाही जमणार," त्या म्हणाल्या. त्या क्षणी दुसरं कुणीही असतं तर माझी समजूत काढली असती... दोन पावलं तरी चाला, असं म्हटलं असतं. त्यांनी नाही काढली. म्हणाल्या, "खांदा नको. पेटीच्या बाजूनं चाला, हात पेटीवर ठेवा. काठी मी धरते." आणि तसंच झालं. घरापासून चर्चपर्यंत आणि मिस्सा झाल्यावर दफनभूमीपर्यंत मी आईच्या पेटीवर उजवा हात ठेवून चाललो, डाव्या बाजूला मेधाताई, हातात माझी काठी घेतलेल्या. पेटी उचलणाऱ्यांना त्यांनी हळू चालायला सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. लोकांना वाटलं, शोकानं पेटी सोडवत नाहीय याला. खरं तर त्या दिवशीसुद्धा आईच मला चालवत होती.

पुढे माझी काठी सुटली, मी बँकेत परत रुजू झालो, निवृत्तही झालो. मेधाताई अधूनमधून वाडीत यायच्या, सोनचाफ्याची फुलं घेऊन जायच्या. गेल्या वर्षी त्यांना पाठदुखी लागली आणि ती साधी पाठदुखी नव्हती. आजार मणक्यापर्यंत पोचला होता. मी भेटायला जायचो तेव्हा घरात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ताई, महिन्याभरात पळायला लागाल. त्या हसून मान डोलवायच्या. एके दिवशी सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "अंतोनभाऊ, मला एकदा केंद्रात जाऊन यायचंय. माझे पेशंट आहेत तिथे. इथे मला कुणी खरं सांगत नाही. तुम्ही बघा."

मी घाबरलो. मी कोण बघणारा? पण त्या वॉकर धरून उभ्याही राहिल्या होत्या. उठताना त्रास नको म्हणून श्रीकांतरावांनी त्यांच्या खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले होते. मी म्हणालो, "आधी तुम्ही सांगा." त्या वॉकरची मूठ घट्ट धरत म्हणाल्या, "फाटकापर्यंत जाईन." त्या निघाल्या आणि मी त्यांच्या डाव्या हाताला चालू लागलो. खोली ओलांडली. दारात आल्यावर त्यांची बोटं वॉकरवर पांढरी पडली. पाऊल उचललं न जाता फरशीवर घासत होतं, श्वास धरलेला होता. पडवीच्या पायरीपाशी त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, "हं?"

मी त्यांच्या पायांकडेच बघत म्हणालो, "पायरी नाही जमणार, ताई."

"केंद्र?"

"नाही."

त्यांनी एकदा फाटकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरोबर बघितलंत." आणि खरोखर हलकं झाल्यासारखा श्वास सोडला. श्रीकांतरावांनी खुर्ची पडवीत आणून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे पेशंटच एकेक करून त्या पडवीत येऊ लागले, फाटकापासून पायरीपर्यंत चालून दाखवायला. त्या खुर्चीतून बघायच्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत बघत होत्या.

परवा मी श्रीकांतरावांकडे गेलो होतो. पडवीत ते त्याच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. ते तसे बुटके. ठोकळ्यांमुळे त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, लहान मुलासारखे लोंबत होते. मी म्हणालो, "ठोकळे काढून देऊ का? पक्कड आहे माझ्याकडे."

त्यांनी पेपर खाली केला. "नको," म्हणाले, "सवय झालीय."