मामूचा अंगठा

नसरीन, मनानं तरी जरा जवळ ये. हे काय गं तुझं वागणं? वर्षातून दोनदा वडवणीहून बीडला येतेस, आमच्या दारावरून जातेस आणि मान वळवून घेतेस. लहानपणी माझ्या ओट्यावर बसून गूळ-शेंगदाणे खायचीस, ते पार विसरलीस? विसरली नसशील. म्हणूनच मान वळवतेस, ते कळतं मला.

तुझ्या बापाला अख्खी गल्ली मामू म्हणायची. आमच्या किराणा दुकानाला लागूनच त्यांचं सायकलचं दुकान. उजव्या हाताचा अंगठा चपटा, काळा. बाकीचे पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवायचे. मामू नुसता अंगठा फिरवायचे आणि बरोबर जागेवर थांबायचे.

रविवारी तोच अंगठा हॉकीच्या मैदानावर. मामू पंच. पोरगं पडून लोळायला लागलं की हे सावकाश यायचे, मोजा खाली करायचे, नडगीवर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "उठ बे, पंक्चर न्हाई." मैदान हसायचं, पोरगं धूळ झटकत उठायचं. खरंच लागलेलं असलं तर मात्र सामना थांबवून, स्वतःच्या सायकलवर घालून दवाखान्यात न्यायचे. पोरगं कुठल्या संघाचं ते बघायचे नाहीत.

मग आमच्याकडं केबल आली. परदेशी खेळाडू कसे पडतात, कसे तळमळतात, ते पोरांनी बघितलं. माझा विजू अंगणात पोती टाकून पडायचा सराव करायचा आणि मी डाळ निवडता निवडता सांगायची, आधी गुडघा धर, मग ओरड. हसत होते गं मी. पण मामूचा अंगठा काही फसेना.

तेव्हा बिब्बा मीच काढला. त्याचं तेल कातडीला लागलं की कसं सुजतं, काळं पडतं, ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. सामन्याच्या आदल्या दिवशी विजूच्या नडगीवर एक ठिपका. दुसऱ्या दिवशी तो पडला, मामूंचा अंगठा सुजेवर थांबला. पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि समोरचं पोरगं मैदानाबाहेर गेलं. हात लावला नव्हता त्यानं विजूला. कडेला बसून रडत होतं. आम्ही जिंकलो. घरी मी शिरा केला.

असं तीनदा झालं. मग मामू दुकानात आले. "भाभी, पोराच्या पायाला बिब्बा कोण लावतंय?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. त्यांनी माझ्या बोटांकडं पाहिलं. बोटांवर काळा डाग होता. ते तसेच निघून गेले.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याचा शेवटचा सामना. पोलिसांच्या संघातले साहेब विजूला बघायला आलेले. खेळावर नोकरी लागणार, हे जवळजवळ ठरलेलं. त्या दिवशी कुणाची तरी स्टिक खरीच बसली. मामू आले, मोजा खाली केला. नडगीवर बिब्ब्याचा जुना डाग. अंगठा जरा घुटमळला, एवढं मी मैदानाच्या कडेवरून पाहिलं. मग ते म्हणाले, "उठ बे, पंक्चर न्हाई."

विजू उठला. उरलेला वेळ तसाच खेळला. हाड तडकलं होतं, पळून पळून सरकलं. पाय कायमचा आखडला. साहेब परत आलेच नाहीत.

गल्ली म्हणाली, मामूनं मुद्दाम केलं. त्या वर्षांत हवाच वाईट होती, लोकांनी त्यात धर्मही आणला. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक येईना. एकदा मामू माझ्या उंबऱ्याशी आले. "भाभी, माझा अंगठा चुकला." मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. माझी बोटं त्यांनी पाहिली होती, नसरीन. एक शब्द गल्लीत टाकला असता तर सुटले असते. त्यांनी टाकला नाही. आणि मीही नाही. दुकान मोडून, तुम्हा लेकरांना घेऊन ते वडवणीला गेले. शिट्टी पुन्हा हातात धरली नाही म्हणे. ते वारल्याचं मला बाजारात कळलं. मी आले नाही. कोणत्या तोंडानं येणार होते?

विजू आता दुकानात बसतो. त्याला सगळं ठाऊक आहे. तोही गप्पच राहिला. गल्ली अजून तुझ्या बापालाच बोल लावते. तू ये. गल्लीतल्या सगळ्यांना ओट्यावर बोलावते आणि बिब्बा कुणी लावला ते सांगते. तू समोर बसलीस म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एकटीनं कितीदा ठरवलं आणि गप्प बसले. लेकरांनाही घेऊन ये. रविवारी सगळे घरी असतात, ह्याच रविवारी ये.